वर काय आहे, फुटक्या मूर्ती

आता तुम्हीच सांगा, बारा वर्षं एकाच बाईनं पायऱ्यांखाली बसून डबे राखायचे, हा काय न्याय झाला? सरोजिनीबाई लग्न होऊन अकोल्याहून जबलपुरात आल्या, अन् तेव्हापासून घरी पाहुणा आला की चलो भेडाघाट. पाहुण्याला नर्मदेचा धुआंधार धबधबा दाखवा, संगमरवराचे कडे दाखवा, मग टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं जुनं देऊळ दाखवा. पण पायऱ्यांशी टांगा थांबला की त्यांचे यजमान, रेल्वेतले दिवाकरराव, हमखास म्हणणार, "तू बस इथंच, वानरं फार आहेत, डबे सांभाळ. वर काय आहे, फुटक्या मूर्ती."

फुटक्या मूर्ती. मग पाहुणे तासतासभर वर काहून राहतात, तुम्हाला विचारतो? खाली उतरले की "वा, काय काम आहे, हजार वर्षांपूर्वीचं" करत पुऱ्या खाणार, अन् त्या पुऱ्या पहाटे उठून लाटल्या कोणी... जाऊ द्या.

सन छत्तीसच्या कार्तिकात नणंद शकु अन् तिचे यजमान भय्यासाहेब आले. टांगा थांबला. दिवाकररावांनी "तू बस" म्हणायला तोंड उघडलं, अन् बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. डब्यांची पिशवी त्यांनी सरळ नवऱ्याच्या हातात दिली, पदर खोचला अन् निघाल्या. मागून हे, "अगं, काय करून राहिली? वर काय आहे, फुटक्या..." त्यामागून शकु धापा टाकत, "वहिनी, जरा थांबा ना..." कोण थांबतं? शंभरावर पायऱ्या बाई एका दमात चढल्या.

वर गोल अंगण, भोवती ओवरी, अन् ओवरीत ओळीनं बसलेल्या बायका. दगडाच्या, माणसाएवढ्या. कुणाचा हात गेलेला, कुणाचं नाक, कुणाची छाती... तरी बैठक ताठ. फुटल्या नव्हत्या हो त्या, फोडल्या होत्या. बाईंचा संताप आणखीच वाढला. एकेकीसमोर थांबत, बोट लावत, त्यांनी पूर्ण फेरी मारली.

तिकडे दिवाकरराव पिशवी सांभाळत मेहुण्याला सांगून राहिले होते, "तर या चौसष्ट योगिनी."

"एक्याऐंशी," बाई म्हणाल्या.

"काय?"

"रिकामे कोनाडे धरून एक्याऐंशी. मोजल्या मी."

"अगं, नावातच चौसष्ट आहे."

भय्यासाहेब हसले. तेवढ्यात तिथला चौकीदार नथ्थू बिडी विझवत म्हणतो कसा, "बहूजी सही कह रही हैं, बाबूजी. इक्यासी हैं."

दिवाकरराव उगाच पिशवीची गाठ तपासू लागले. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "बारा वर्षं येऊन राहिले तुम्ही इथं. एकदाही मोजल्या नाहीत?"

परतताना दिवाकरराव टांगेवाल्याशेजारी पुढं जाऊन बसले.

पण फरक पडला, तुम्हाला सांगतो. पौषात नागपूरचे पाहुणे आले, तेव्हा बाईंना कोणी खाली बस म्हटलं नाही. सगळ्यांबरोबर त्या वर गेल्या. अन् वर दिवाकरराव अंगणाच्या मधोमध उभे राहून पाहुण्यांना सांगतात, "लोक चौसष्ट समजून चालतात. एक्याऐंशी आहेत. मी स्वतः मोजल्यात."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं... अन् पुढं चालू लागल्या. बोलणार काय? आकडा तर बरोबर सांगून राहिले होते.