धाकट्याचा शनिवार

आमच्या कॅलेंडरची गंमत सांगतो. खुबा मोडल्यापासून आई माझ्याकडे मुलुंडला असते आणि बोरिवलीच्या धाकट्याची वाट बघते. तो यायचं विसरायचा, मग आम्हा भावांची भांडणं. शेवटी मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घरचाच कॅलेंडर सर्व्हर बसवला, त्याच्या फोनला जोडला आणि शनिवारची 'आईकडे' अशी नोंद केली.

शनिवारी तो आला. रविवारी, सोमवारी आला. मंगळवारीही दारात.

"काय रे, आज कसा?"

"तुझं ते रोज वाजतं ना फोनवर. म्हटलं, दादा दमला असेल, सांगवत नसेल."

बघतो तर 'दर आठवड्याला'ऐवजी मी 'दररोज' निवडलेलं. दुरुस्त करायला बसलो, तशी आई म्हणाली, "हात लावू नको त्याला. चांगलं बसवलंयस."