पाचव्या दिवसाचा पहारा

(१९७१. सोनईजवळचं एक खेडं. हरिनाम सप्ताहाचा पाचवा दिवस. देवळात गळ्यात वीणा घेऊन उभे म्हातारे गहिनीनाथबुवा. दारात साखर कारखान्यातला कारकून सूर्यभान.)

सूर्यभान : ...तेवढा भोंगा बंद करा, आबा. डोळे मिटले की तुमचाच आवाज. ध्यान लागतच नाही.

गहिनीनाथ : बंद केला तर गावाला वाटंल, सप्ता मोडला. देवळात मी एकलाच हाय.

सूर्यभान : एकटे? बाकीचे कुठं गेले?

गहिनीनाथ : कारभारी घरी रेडूवर भजन ऐकतोय. म्हनतो, तिथल्या गानाराचा गळा चांगला हाय. राधाकृष्ण मास्तर भिताडाला पाय लावून डोक्यावर उभे. सहादेव म्हनला, काम हाच देव, आन् गेला घोडेगावला बैल बघाया.

सूर्यभान : बरोबरच आहे. ज्याला जिथं शांती मिळेल तिथं.

गहिनीनाथ : तूच त्या ध्यानाच्या शिबिरावरनं येऊन पारावर सांगितलंस ना, देव ज्याच्या त्याच्या आत हाय, मधी कुनी नको. तीस वर्सं कीर्तन केलं, माझं कुनी ऐकलं न्हाई. तुझं अर्ध्या तासात समद्यांला पटलं!

सूर्यभान : मी आपला माझा अनुभव सांगितला.

गहिनीनाथ : आज ईना घेऊन उभं ऱ्हायचा आठाचा पहारा तुझा. धाचा कारभारीचा, बाराचा सहादेवचा. आता दोन वाजलं. पहाटपासनं मीच उभा हाय. पाय सुजल्यात बघ.

सूर्यभान : मग वीणा ठेवा की जरा खाली. देव काय रागावणार आहे?

गहिनीनाथ : देव कशाला रागावतोय? पर माझ्या बापापासनं सप्त्यात ईना भुईला टेकली न्हाई. पटकीच्या सालीबी न्हाई. एकाला उचलून न्हेलं की दुसरा उभा ऱ्हायचा. आन् आता समदे धडधाकट असताना टेकवू? रडू येतं रं मला.

सूर्यभान : मला वाटलं, मी नसलो तरी बाकीचे असतीलच.

गहिनीनाथ : त्येंलाबी तसंच वाटलं. भोंगा ऐकून जो तो म्हनतो, चाललाय की सप्ता झ्याक.

सूर्यभान : अहो आबा, पडाल! धरा मला.

गहिनीनाथ : मला नगं धरू. हिला धर.

सूर्यभान : पण... मला एकांत लागतो हो. चार माणसांत माझं मन लागत नाही आता.

गहिनीनाथ : मग घाल गळ्यात. हितं संध्याकाळपातुर कुनी येत न्हाई.