बोटं माझी, नाव भटूचं

...आणि वर मलाच विचारतात, बोटं कोणाची? हा बघा उजवा हात. अंगठ्याशेजारची दोन नाहीत. माझ्या हातावरची नाहीत म्हणजे माझीच गेली असणार ना? शेंबड्या पोराला पटेल, पण कोर्टात तीन वर्षं झाली, पटत नाही. का? तर बोटं माझी, नाव भटूचं!

भटू म्हणजे माझा साडू, आमच्या मंगलाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघंही खानदेशातले, सुरतेत लिंबायतला एकाच गल्लीत, दोघंही लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. श्रावणात याच्या गावच्या घरी कानबाई बसते, आमची खानदेशची देवी. आता कानबाईला गावी गेलं नाही तर भाऊबंद वर्षभर तोंड बघत नाहीत, आणि गेलं तर इकडे शेठ लूम दुसऱ्याला देतो. मग आमच्यात काय करतात, आपल्या जागी घरचाच माणूस उभा करतात, आपल्याच नावावर. मुकादमाला माहीत असतं, शेठला कापडाशी मतलब. माझी शेड तेव्हा मंदीत बंद होती, मी म्हटलं जा बाबा, चार दिवस हा निंबा होतो भटू. मुकादम हजेरीला ओरडायचा "भटू", की मी आपला "हां जी".

तिसऱ्या दिवशी धागा तुटला, जोडायला हात घातला आणि... जाऊ द्या. खूप दुखलं, खोटं कशाला बोलू. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथली बाई केसपेपर भरत होती, "नाम बोलो." हाताचं फडकं लाल, डोळ्यांपुढे अंधारी, आणि माझ्या डोक्यात काय? तर खरं नाव सांगितलं की भटूची लूम गेली. म्हणालो, "भटू." वय? त्याचंच, एकतीस. मी चव्वेचाळीसचा! डॉक्टर टाके घालता घालता म्हणतो, "इस उमर में बाल बहोत पक गये."

भटू आला गावाहून, पाया पडून रडला. म्हटलं रडू नको, कानबाईचा रोट आणलास का प्रसादाचा? तर म्हणतो, रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, साडूला चालत नाही. घ्या! बोटं द्यायला मी घरचा, रोट खायला परका. मंगला बहिणीशी महिनाभर बोलली नाही.

मग भरपाईचा दावा लावला. तुम्हाला सांगतो, मला बंगला बांधायचा नव्हता. दोन बोटांशिवाय धाग्याला गाठ मारता येत नाही, आणि गाठ न येणाऱ्याला लूमवर कोण ठेवणार? खोलीपुढे पिठाची चक्की टाकायची, एवढंच. पण शेठचा वकील उठला, चष्मा कपाळावर, आवाज बासुंदीसारखा, "साहेब, आ निंबाभाई तो अमारे त्यां कदी हता ज नहीं. ने रजिस्टरवाळा भटूभाईनी दसे दस आंगळी साजी छे. तो अकस्मात थयो कोने?" म्हणजे निंबा तिथे कधी नव्हताच, भटूची दहाही बोटं शाबूत, मग अपघात झाला कोणाला? अहो, ऐकता ऐकता मलाही क्षणभर वाटलं, खरंच की, झाला कोणाला? मग तारीख. मग साहेब रजेवर. मग तारीख. मग वकिलांचा संप. आपण जिने चढायचे, बाकावर बसायचं, जिने उतरायचे. बोटं माझी, नाव भटूचं.

आमचा वकील म्हणाला, आता एकच उपाय, भटूने पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं की त्या दिवशी मी गावाला होतो. म्हणजे त्याची लूम गेलीच. मी त्याच्यापाशी विषयच काढला नाही. कोणत्या तोंडाने सांगू, की माझी गेलेली दोन मिळावीत म्हणून तुझी दहा रिकामी बसव? पण मंगलाच्या तोंडून बहिणीला कळलंच असणार, कारण मागच्या तारखेला हा आपणहून हजर. इस्त्रीचा शर्ट. दोन्ही पंजे साहेबांपुढे पसरले आणि म्हणाला, "साहेब, मी कानबाईला गावी होतो. ही दहा माझी आहेत. गेली ती दोन निंबाभाऊंची."

मला भर कोर्टात रडू आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बोटांना माझं नाव लावलं होतं.

त्याच संध्याकाळी भटूची लूम गेली. वर आजूबाजूच्या शेडमध्ये निरोप, हा माणूस कोर्टात बोलतो, घेऊ नका. महिनाभर हिंडला बिचारा, नाव सांगितलं की दार बंद. आणि गेल्या आठवड्यात आला पेढे घेऊन, सुरतेबाहेर सचिन म्हणून गाव आहे, तिथे लूम मिळाली! म्हटलं वा, नाव ऐकूनसुद्धा घेतलं? तर माझ्या डाव्या हातावर पेढा ठेवत म्हणतो, "तुमनाच नाववर लागनू, भाऊ. ताईनी कार्ड दिन्हं."

ताई म्हणजे आमची मंगला. कार्ड म्हणजे माझं आधार कार्ड.

आता पुढच्या तारखेला तो बासुंदी उठणार आणि सांगणार, साहेब, निंबाभाई तर सचिनला रोज बारा तास लूम चालवतात, दहाही बोटांनी. मी कोणाला बोलू? भटूला? ज्याची लूम माझ्यापायी गेली, त्याला? खाल्ला पेढा. रोज सकाळी तो डबा घेऊन निघाला की दारात उभा राहून एवढंच सांगतो, बाबा, हात जपून घाल. या वेळी बोटं तुझी, पण नाव माझं आहे.