सोनेरी हेल्मेट

हेल्का : पाय आपटू नकोस, ओत्सो. खाली मासे आहेत. त्यांना तुमच्या हॉकीशी काही देणंघेणं नाही.

ओत्सो : थंडी वाजतेय, आई.

हेल्का : तुला? अर्धा जन्म बर्फावर गेला तुझा. आणि सामन्याच्या दुपारी तुमचा अख्खा संघ पडदे ओढून झोपतो ना? मग तू इथे गोठलेल्या तळ्यावर काय करतोयस?

ओत्सो : झोप लागत नाही. दे ते गिरमिट, अजून एक भोक पाडतो.

हेल्का : आल्यापासून तेच चाललंय. तळ्याची चाळण करणार आहेस का? बस त्या बादलीवर. कॉफी घे. वेलचीचा पाव आहे पिशवीत.

ओत्सो : नको पाव. येताना बेकरीतली सिर्का भेटली. म्हणाली, विजेतेपदाच्या केकसाठी मागवलेला सोनेरी वर्ख तसाच पडून आहे, आता ईस्टरच्या अंड्यांना लावून संपवते.

हेल्का : तिचं काय चुकलं? सप्टेंबरात पेपरवाले छाती ठोकून सांगत होते, यंदाचं सुवर्ण आपल्या कुउरा संघाचंच. नगरपालिकेनं मिरवणुकीसाठी बाजारचौक अडवून ठेवला. मी मूर्खासारखा नवा कोट घेतला. आणि आता? आज जिंकलात तर बाद फेरीच्या शेपटाला लोंबकळणार, हरलात तर उद्यापासून स्केट्स माळ्यावर.

ओत्सो : मला गुणतक्ता पाठ आहे गं.

हेल्का : मग लोक काय म्हणतात तेही ऐक. हेल्काच्या पोराचं स्वित्झर्लंडच्या संघाशी बोलणं झालंय म्हणे, म्हणून इथे अंग राखून खेळतो.

ओत्सो : तुलाही तसंच वाटतं?

हेल्का : वाटायचं राहू दे, दिसतं ते सांगते. मागच्या मंगळवारी समोरचा गोलकीपर पालथा पडलेला, जाळी उघडी. चकती सरळ तुझ्याकडे आली. मी घातली असती रे ती, या मासे धरायच्या काडीनं! आणि तू? तू स्टिक उचललीस. चकती खालून गेली, मागून तुमचा कप्तान कालेर्वो आला नि त्यानं घातली.

ओत्सो : हुलकावणी होती ती.

हेल्का : कोणाला? गोलकीपर तर आडवा होता.

ओत्सो : आई, फोन वाजतोय माझा. कालेर्वोच आहे. हॉस्पिटलमधून.

हेल्का : घे की मग. मोठ्यानं लाव, मलाही ऐकू दे कप्तानाचं.

कालेर्वो : ओत्सो! झोपेतून उठवलं का रे?

ओत्सो : नाही, नाही. खांदा कसा आहे?

कालेर्वो : दोन खिळे ठोकलेत. गोळ्या अशा दिल्यात की नर्सबाईला मी दोनदा लग्नाचं विचारलं. ऐक, सोनेरी हेल्मेट संघाच्या सामानवाल्याकडे पाठवलंय. आतली पट्टी तुझ्या मापाची करून ठेवेल.

ओत्सो : बरं.

कालेर्वो : उसनं देतोय हं! मी नाही म्हणजे आज उतरणाऱ्यांत सगळ्यात जास्त गुण तुझे, म्हणून नियमानं तुझ्या डोक्यावर. गोल नि पास मिळून माझ्या एकाच गुणानं मागे आहेस. आज दोन मारलेस तर कायमचं तुझं. मार बिनधास्त, मला राग नाही.

ओत्सो : कालेर्वो...

कालेर्वो : अरे, जन्मभर तिसऱ्या फळीत लोकांचे फटके अंगावर घेतले मी. शेवटच्या वर्षी सोनेरी हेल्मेट! धाकटी शाळेत चित्र काढून घेऊन गेली. हंगाम गेला खड्ड्यात, पण हे माझं मी कमावलं. चल, डॉक्टर आले. झोप काढ, गाढवा.

हेल्का : किती खूश आहे बिचारा. खांदा मोडून घेऊन इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता. ओत्सो? कुठे निघालास? तिकडे बर्फ पातळ आहे, ओढा मिळतो तिथे!

ओत्सो : त्यानं कमावलं नाही ते.

हेल्का : काय?

ओत्सो : मी सोडलं. मुद्दाम. तुला दिसलं ना मंगळवारी? तसं जानेवारीपासून चाललंय. गोल नाही, गोलाआधीचा पास नाही. त्याचे गुण माझ्या वर जाईपर्यंत.

(हेल्कानं काडी बर्फावर ठेवली. दोरी हलत होती, खाली काहीतरी लागलं होतं. तिनं ओढली नाही.)

हेल्का : का?

ओत्सो : डिसेंबरात धडक बसली ती आठवते? मैदानाच्या कठड्यावर?

हेल्का : विसरेन का! पण संघाच्या डॉक्टरनं परत खेळायला सोडलं तुला.

ओत्सो : मी खोटं बोललो. सगळं नीट दिसतं म्हणालो. डावीकडून माणूस आला की त्याचे दोन होतात. कोणता खरा ते कळेपर्यंत तो अंगावर असतो. आणि तेव्हा माझ्याच डोक्यावर ते सोनेरी मडकं. अख्ख्या मैदानात लांबून ओळखू येतं, कोणाला पाडायचं. मला वाटलं, ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर गेलं तर हंगाम कसाबसा निघेल.

हेल्का : आणि ते कालेर्वोच्या डोक्यावर गेलं.

ओत्सो : शनिवारी जो त्याच्यावर आला, तो सोनं बघून आला, आई. मी बाकावरून बघत होतो.

हेल्का : ही बोटं किती आहेत?

ओत्सो : आई, तू जाड मोजे घातलेत हातात. बोटं नाहीतच.

हेल्का : तेवढं तरी दिसतंय. बस खाली. बस म्हणते ना! आणि आज तू ते घालून उतरणार होतास?

ओत्सो : दोघेही नसलो तर हरणार आपण.

हेल्का : हराल. बाजारचौकात एप्रिलमध्ये बटाटे विकतील, दरवर्षी विकतात तसे.

ओत्सो : लोक मला फाडून खातील. स्वित्झर्लंडवाले फोन उचलणार नाहीत.

हेल्का : नाही उचलले तर घड्याळं करत बसतील, त्यांचं काही अडत नाही. माझं अडतं. मला एकच पोरगा आहे. तुला दोन दिसत असले तरी.

ओत्सो : हसवू नकोस गं. डोकं दुखतं हसल्यावर.

हेल्का : हेही आत्ता सांगतोयस. लाव डॉक्टरला फोन. माझ्यासमोर.

ओत्सो : हॅलो, डॉक्टर? मी ओत्सो. नाही, संध्याकाळचं... मी आज उतरू शकत नाही. मला दोन दोन दिसतं. डिसेंबरपासून. हो. हो, तेव्हाही. खोटं बोललो होतो. नाही, एकटा नाही, आई आहे. ती चालवेल गाडी. येतो.

हेल्का : काय म्हणाले?

ओत्सो : म्हणाले, उजेडात बघू नकोस, लगेच ये. प्रशिक्षकांना तेच सांगतील.

हेल्का : ऊठ मग. माझा हात धर. डावीकडून नको, मी एकच बरी.

ओत्सो : मी उतरलो नाही तर गुण आहेत तेवढेच राहतील. हंगामाअखेरीला कालेर्वोच पहिला.

हेल्का : मग राहू दे ना.

ओत्सो : पण ते खरं नाही, आई. त्याला सांगायला हवं. तो हॉस्पिटलात आहे तो माझ्यामुळे.

हेल्का : हो, सांगायलाच हवं. तूच सांगायचं, मी मध्ये पडणार नाही.

ओत्सो : आत्ता लावू फोन?

हेल्का : डोळ्यांचं आत्ता सांग. बाकीचं, आधी खांदा भरून येऊ दे त्याचा.