लादीतला डबा

डबा उघडू नका, असे मी जमादार झुलाल पाटील यांना दुसऱ्यांदा सांगत होतो. त्यांनी पत्र्याची कात्री बाजूला ठेवली व आधी नाव सांग म्हणाले. माझे नाव उखर्डू दगा माळी, वय ५४, धंदा बर्फाच्या कारखान्यात नोकरी, राहणार देवपूर, धुळे. आज ता. १८ एप्रिल १९६९ रोजी दुपारी साडेतीन वाजता ठाण्यात आपण होऊन आलो आहे. विचारल्यावरून सांगतो ते असे.

टेबलावरची अर्धी फुटलेली बर्फाची लादी आमच्या कारखान्यातील आहे. लादीत दिसणारा पत्र्याचा डबा माझा आहे. त्यात अफू नाही. त्यात सीताफळाचा गर आहे.

जमादारसाहेब म्हणाले, "वैशाख लागला, लोक आंबे खाताहेत आणि तू सीताफळ सांगतोस? बठ्ठं खरं सांग, आबा." मी खरेच सांगत आहे.

माझी पत्नी भिकुबाई गेल्या नवरात्रापासून अंथरुणाला खिळून होती. मुलगी बेबाबाई एदलाबादला दिली आहे. तिचे पहिले बाळंतपण आमच्याकडे व्हायचे होते, पण आई आजारी, करणार कोण, म्हणून सासरीच झाले. दिवाळीच्या आठ दिवस आधी मुलगा झाला. त्यामुळे मुलगी दिवाळीला आली नाही. दरवर्षी ती येते तेव्हा शिरपूरकडून डोंगरातली सीताफळे आलेली असतात व तिची आई तिला गर काढून देते.

सीताफळ वाळवता येत नाही. शिजवले की कडू होते. हे भिकुबाईला माहीत होते. ती मला म्हणाली, "तुमना कारखानामा ठेवा. पोर येई तवलोंग टिकाले पाहिजे." मुलगी येईपर्यंत टिकावे, असे तिचे म्हणणे होते. मी बाजारातून बारा फळे आणली. मी फळ फोडून द्यायचो व ती पडल्या पडल्या बोटांनी बी वेगळी करायची. एक फळ झाले की ती थांबायची. दोन दिवस लागले. गर डब्यात भरून झाकण डाख देऊन पक्के बंद करून घेतले, कारण बर्फाचे साचे टाकीतल्या खाऱ्या पाण्यात बुडलेले असतात व मीठ आत गेले तर गर वाया जातो.

टाकीच्या कोपऱ्यातील शेवटच्या साच्यात पाणी भरून मी डबा आत सोडला. पाणी गोठून लादी धरली. ती मी बाहेर काढली नाही. पत्नी त्यानंतर चौथ्या दिवशी वारली. मुलगी बाळंतीण होती, तिला येता आले नाही.

मालकांची परवानगी घेतली नव्हती, हे कबूल करतो. सहा महिने एक साचा मी अडवून ठेवला. सोबतच्या लोकांना तो साचा गळका आहे असे सांगितले होते. ते खोटे होते. खरे सांगितले असते तर हसले असते.

आज मी दुपारी घर सारवण्यासाठी गेलो होतो. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे व मुलगी पहिल्यांदाच मुलाला घेऊन येणार आहे. परत आलो तो कोपऱ्यातला साचा रिकामा. पुना म्हणून सोबत काम करतो, त्यास विचारले. तो म्हणाला, "पारसमल शेठकडे लग्न आहे, एक लादी कमी पडली. तुझा गळका साचा काढून पाहिला तर चांगली ठणठणीत लादी!" मी पळत मांडवात गेलो. तेथे समजले की लादी फोडताना डबा दिसला व शेठ स्वतः हातगाडीवर घालून तो इकडे घेऊन आले.

पारसमल शेठ येथे हजर आहेत. ते म्हणाले, "मुलीच्या लग्नात माझ्या मांडवात अफू निघाली असती तर व्याह्यांना मी काय तोंड दाखवलं असतं?" त्यांचे बरोबर आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पुनाबद्दलही नाही.

जमादारसाहेब विचारतात की, डबा आत्ता उघडला तर काय बिघडते. गराला हवा लागली की तो काळा पडतो. मग उद्या मुलीला काळा गर द्यावा लागेल. तिच्या आईने पांढरा दिला होता. डब्यात दुसरे काही निघाले तर मला आत टाका, पण उद्या टाका. आता लादी निम्मी राहिली आहे व पाणी दारापर्यंत गेले आहे, म्हणून जबाब लवकर लिहावा अशी विनंती करतो.

त्यावर पारसमल शेठ म्हणाले, "साहेब, दोन लाद्या मी पाठवतो. भुसाही पाठवतो. उघडायचं ते उद्या उघडा." जमादारसाहेब म्हणाले, "शेठजी, लग्न तुमच्याकडे आहे का माझ्याकडे?" शेठ म्हणाले, "मलाही मुलगी आहे." जमादारसाहेबांनी कात्री खणात टाकली.

मला वाचता येत नाही म्हणून वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. पत्नीचे नाव आले तेथे परत वाचायला सांगितले, तेही बरोबर लिहिले आहे. डाव्या हाताचा अंगठा केला असे.

ता. १९ एप्रिल, सकाळी १० वाजता. जळगावच्या गाडीने आलेली बेबाबाई, वय २०, ठाण्यात हजर. पंच पारसमल व पुना यांच्यासमक्ष डबा कापला. आत सीताफळाचा गर, रंग पांढरा, वरचा थर किंचित तपकिरी. आक्षेपार्ह काही नाही. मूल सहा महिन्यांचे असून त्याचे अद्याप उष्टावण झालेले नाही, असे बेबाबाईने सांगितले. तिने गराचे पहिले बोट त्याच्या तोंडात घातले. मुलाने खाल्ले. पंचांच्या सह्या घेऊन डबा परत दिला.