बिशपचा पॅलेस

परवाचीच गंमत. इंग्लंडमधले बिशप पूर्वी कुठे नि कसे राहायचे, याचा अभ्यास करणारे एक इंग्रज प्राध्यापक माझ्याकडे उतरले होते. तिकडे बिशपच्या घराला पॅलेस म्हणतात. नाशिकमधला बिशपचा जुना बंगला बघायला ते एकटेच निघाले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “बिशप पॅलेस.”

तासाभरात त्यांचा फोन आला. “इथे मला फेटा बांधलाय!”

मी म्हटलं, “रिक्षावाल्याला द्या.” तो शेजारीच जेवत होता.

“अहो, कुठे नेलंत त्यांना?”

“पॅलेसला! हायवेवरचं लग्नाचं कार्यालय हाय ना, तिथं. बंगला पाहिजे तर बंगला म्हणायचं ना!”

बंगला राहिलाच. संध्याकाळी प्राध्यापक ढेकर देत म्हणाले, “बिशपांचे पुष्कळ पॅलेस पाहिले. जेवल्याशिवाय सोडत नाहीत, असा हा पहिलाच.”