मागणी नसलेले यंत्र

यवतमाळहून राळेगावला निघालेली एसटी कळंबला बराच वेळ खोळंबली, आणि बबनरावांची मुळीच इच्छा नसताना मागच्या बाकावरचे बोलणे त्यांच्या कानी पडू लागले. कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात इम्तियाज संगणकावर ड्रॉइंग काढीत असे आणि नयन तिथलाच स्टोअरकीपर, एवढे त्यांना लवकरच कळले.

"रद्द झालेल्या मशीनचं ड्रॉइंग पुरं कायले केलं बे?"

"रिकामा दिसलो असतो, तं सेठनं घरीच धाडलं असतं."

"आन् पहिले?"

"पहिलेही करतच होतो. कागद टेबलावर पडून राहे. सेठ चहा पेता पेता मान हलवे, तवाच तू लोखंड मागवे."

"आता मले कोन इचारते? तुह्या कम्प्युटरले खरेदीचा कम्प्युटर जोडला. तू 'पूर्ण' दाबलं, का तिकडे ऑर्डर गेली."

"मले कोनं सांगतलं होतं?"

"सेठनं. त्या दिवशी पेढेही वाटले. तूच दोन खाल्ले."

"हसू नको, नयन. लोखंड आलं, कापल्याही गेलं. सेठ म्हणे, ज्याच्यासाठी काढलं त्याच्याच गळ्यात मशीन घाल, नाही तं उद्यापासून येऊ नको."

"पण राळेगावचं ते जिनिंग तं बंद पडलं. औंदा कापूसच येऊन नाही राह्यला तिथं."

"माहीत हाये."

"मंग चाललो कायले आपण?"

"घरी राह्यलो असतो, तं बायकोनं इचारलं असतं. पण तू कायले आला? तुले तं सेठनं धाडलं नाही."

"मागवायले आता मानूस लागत नाही म्हून मले त्यानं कालच मोकळं केलं. घरी अजून सांगतलं नाही."